फियाट घेताना इंजिन नंतर, आधी पत्रा बघा

पानावाला, पुणे

काल एका गृहस्थांनी लिहिलं, "पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाट) घ्यायची तर फक्त इंजिन ऐका. इंजिन गोड असेल तर डोळे झाकून घ्या, बाकी सगळं गॅरेजवाला करतो." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अगदी याच सल्ल्यावर मी 2018 मध्ये 1987 ची पद्मिनी घेतली. इंजिन शिलाई मशीनसारखं चालायचं. पाचव्या महिन्यात खंबाटकी चढताना मागून खाडकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. मागच्या पाट्याचं (स्प्रिंगचं) ब्रॅकेट बॉडीतून उचकटून आलं होतं. तिथे पत्रा उरलाच नव्हता. लांबी (पुट्टी), फायबर आणि वरून काळ्या रंगाचा जाड थर, बस्स. मागच्या सीटवर आई होती.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालची पेटी गंजली की सांगाडाच गेला. इंजिन 1089 सीसीचं, साधं. रिंगा, बेअरिंगं नाना पेठेत अजून मिळतात. माझं पुढे उघडलं तेव्हा 38 हजारांत उभं राहिलं. पत्र्याला 1 लाख 60 हजार आणि सात महिने गेले, कारण जुन्या पद्धतीचं टिनकाम करणारा माणूसच सापडेना.

तेव्हा रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन जा. दारांचा खालचा वीतभर भाग, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटच्या भोवती फिरवा. चिकटत नाही तिथे लांबी आहे. मॅट उचला, पायाखालच्या पत्र्यावर पान्याची मूठ आपटा. बद्द आवाज आला की समजा. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका बाजूला जॅक लावा आणि त्याच बाजूचं दार उघडून लावून बघा. दार अडकलं तर गाडी वाकतेय. चहा न घेता परत या.

जुना मिस्त्री, नाशिक

ते गृहस्थ मीच. 31 वर्षं फियाट उघडतोय. तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, पण एका गाडीवरून सगळ्यांना वेड्यात काढू नका. कोकणातली किंवा समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर पत्र्याचं म्हणणं कबूल. देशावरच्या कोरड्या गावातली, छपराखाली ठेवलेली गाडी वेगळी असते.

आणि "इंजिन ऐका" म्हणजे नुसता कान लावा असं मी म्हटलं नव्हतं. मालकाला आधीच सांगायचं, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं की काहीतरी लपवलंय. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा, वाफ भकाभका आली तर रिंगा गेल्या. उतारावर पाय उचलून परत दाबल्यावर निळा धूर आला तर ऑइल जळतंय. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट गेलं. स्टिअरिंगवरचा गियर दुसऱ्यात टाकून सोडा, बाहेर उडी मारतो का बघा. पुढचं चाक वर-खाली धरून हलवा, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) झिजलाय का ते कळेल. हे तुमच्या लोहचुंबकाला कळणार आहे का?

पानावाला, पुणे

नाही कळणार. यातलं निम्मं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण किंगपिन सोडला तर यातलं एकही काम असं नाही की ज्यात माणूस मरेल. पत्र्याने मरेल.

डोंबिवलीकर

तुम्ही दोघंही कागद विसरलात. माझ्या मेहुण्याने अस्सल 1979 ची गाडी घेतली, पत्रा आणि इंजिन दोन्ही छान. आरसी विकणाऱ्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर, वारस तिघं, एक कॅनडात. दोन वर्षं गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली आहे. वारसाच्या नावावर चढल्याशिवाय गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मला काही अर्थ नाही. चासी नंबरची पेन्सिलने छाप घ्या, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का, तेही विचारा.

ताडदेवचा

अजून एक. टॅक्सीची प्रायव्हेट केलेली गाडी ओळखायला शिका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून बंद झाली. डाव्या बाजूला मीटर बसवल्याची भरलेली भोकं शोधा, दाराचं रबर सोलून खाली काळा-पिवळा रंग आहे का बघा. माझे वडील अशी टॅक्सी चालवायचे. त्या गाड्यांनी किती लाख किलोमीटर खाल्लेत ते मला माहीत आहे.

सातारारोड

हे सगळं बघून घेतली तरी इ-20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) तिला खाणारच. दोन महिने उभी ठेवली, टाकीत पाणी धरलं, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा फुगला, पाइप चिकट झाले. साखर कारखान्यांचं भलं करायला आमच्या गाड्या मारताय.

उसाचा फड, शिरोळ

सातारारोड, जरा जपून. डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा आमच्याकडे लोक बिलाची वाट बघत हवालदिल झाले होते. रविवारी फिरवायच्या गाडीचा पाइप खराब होतो म्हणून शेतकऱ्याच्या पैशाला नावं ठेवू नका.

सातारारोड

शेतकऱ्याला नाव कोण ठेवतंय? माझाही चुलता ऊस लावतो. पंपावर साधं पेट्रोल निवडायची सोय ठेवा एवढंच म्हणणं आहे. तुम्ही लगेच अंगावर येता.

उसाचा फड, शिरोळ

"मारताय" कुणाला म्हणालात मग? वाचा स्वतःचं.

जुना मिस्त्री, नाशिक

पुरे करा दोघं. पाणी धरतं हे खरं आहे, जुनं रबर फुगतं हेही खरं. पण इलाज आहे. सगळे पाइप विटॉनचे (पेट्रोलने न फुगणाऱ्या रबराचे) घाला, पंपाचा पडदा बदला, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा. घेताना टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा, आत गंजाचा चुरा दिसला तर टाकी काढून साफ करण्याचे पैसे किमतीतून वळते करा.

सातारारोड

पाइपाचं ऐकतो. पण टाकी रिकामी करा म्हणजे गाडी वापरूच नका. ते पटत नाही.

मिरजकर

मी विचारतोय कारण रविवारी 1984 ची बघायला जातोय. मालक म्हणतात आठवड्यापूर्वीच नवीन रंग दिलाय, आतून-बाहेरून, अगदी खालूनसुद्धा. चांगलंच ना?

पानावाला, पुणे

खालून रंग दिलाय? माझीही अशीच होती. विकायच्या आठवड्यात गाडीच्या पोटाला रंग कोण देतं? जॅक घेऊन जा, दार लावून बघा.

जुना मिस्त्री, नाशिक

यात मी पानावाल्यांच्या बाजूने आहे. लोहचुंबकही न्या. आणि मालकाला आज रात्रीच फोन करा, गाडी चालू करून ठेवू नका म्हणून.