घरच्यांना घेऊन परमिट रूमच्या हॉटेलात जेवायला जावं का?

गोदाकाठ
रविवारी आई-बाबांना आणि बायकोला घेऊन नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडच्या एका 'परमिट रूम अँड फॅमिली रेस्टॉरंट'मध्ये जेवायला गेलो. सोसायटीच्या ग्रुपवर तसं लिहिलं, तर शेजारच्या काकांचा लगेच मेसेज: "आईला बारमध्ये नेलंस?"

माझं मत स्पष्ट आहे. नाशकात साध्या पगारदार घराला पोटभर, ताजं आणि परवडणारं नॉनव्हेज खायचं असेल तर अशा हॉटेलांना तोड नाही. काळ्या मसाल्याची मटण हंडी, रोट्या, जिरा राईस, मसाला पापड, आणि चौघांचं बिल 1,500 च्या आत. रोटी भट्टीतून निघून सरळ ताटात येत होती, कडेला काळपट फोड आलेली, हात भाजेल इतकी गरम. तेवढ्या पैशांत कॉलेज रोडच्या कॅफेत दोघांचंही पोट भरत नाही. आमच्यात कुणी पीत नाही आणि आम्हाला कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. अशा ठिकाणी आपल्यासारख्यांनी हक्कानं जावं, असं मला वाटतं.

म्हसरूळची लेक
दादा, तुम्ही घरचे पुरुष सोबत असताना गेलात. मी आणि बहीण दोघीच गेलो, तर दारातच कॅप्टननं विचारलं, "जेन्ट्स येतायत का मागून?" फॅमिली सेक्शन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडचा आवाज आणि सिगारेटचा वास जसाच्या तसा अलीकडे. वॉशरूमला जायचं तर बारच्या टेबलांमधूनच वाट. बहीण जेवण होईपर्यंत पाणी प्यायली नाही. हंडी चांगलीच होती, पण पुन्हा पाऊल टाकलं नाही. स्वस्त कुणासाठी, हे आधी ठरवा.

तवा-तंदूर
अशाच एका हॉटेलच्या किचनमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो. जेवण स्वस्त का पडतं? जागेचं भाडं, लायसन्सची फी, वीजबिल यांचा मोठा भार दारूचा काउंटर उचलतो. त्यामुळे मालक थाळी-हंडीवर कमी मार्जिन ठेवू शकतो. दुसरं म्हणजे खप. पिणाऱ्याला चकणा लागतो. कबाब, चिली, तंदुरी, चना कोळीवाडा संध्याकाळपासून सतत जात असतं. म्हणून चिकन फ्रीजमध्ये पडून राहत नाही आणि भट्टी विझत नाही. ज्या फॅमिली हॉटेलात फक्त शनिवार-रविवारी गर्दी असते, तिथे मंगळवारी काय वाढतात ते किचनवाल्याला विचारा.

पण हेही लक्षात ठेवा: श्रावणात हे गणित उलटतं. बऱ्याच जणांचं पिणं आणि नॉनव्हेज दोन्ही बंद, खप पडतो. तेव्हा तिथे मासे मागवू नका, शेवभाजी नाहीतर दाल तडका घ्या. आणि एसी हॉलचं मेन्यू कार्ड पुष्कळदा वेगळं असतं, तीच हंडी तिथे महाग. बसण्याआधी कार्ड बघा. बिलही वाचा. जेवणावर 5 टक्के जीएसटी ठीक. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर व्हॅट लागतो, आणि बारमधल्या दारूवरचा तो नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला. ज्यानं प्यायली त्यानं तो भरायचा. आणि सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो आपोआप लावता येत नाही असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये दिलेला आहे. त्याऐवजी वेटरच्या हातात टीप द्या.

सातपूरकर
तवा-तंदूर भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मला जे खटकतं ते नेमकं हेच. काउंटर भार उचलतो म्हणजे कुणाचा तरी पगार तो उचलतो. सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा पगार झाला की त्या शनिवारी या हॉटेलांबाहेर बाइक लावायला जागा नसते. आपली हंडी स्वस्त पडते, कारण पलीकडच्या टेबलावर कुणीतरी घरी द्यायचे पैसे संपवतोय. आणि परत जाताना तोच माणूस मुंबई-आग्रा हायवेला बाइकवर आपल्या मागे असतो. पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण पार्किंगमध्ये किल्ली मागून घेणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. मी मुलांना तिथे नेणार नाही.

गोदाकाठ
सातपूरकर, पिऊन गाडी चालवण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण हाच प्रश्न गंगापूर धरणाकडच्या वाइनरींना का विचारला जात नाही? तिथल्या सुला वाइनरीनं 2000 साली आपली पहिली वाइन बाजारात आणली. आता वाइनरीत लोक मुलाबाळांसकट जातात, फोटो टाकतात, आणि परततात तेही गाडी चालवतच. तिथे हातात ग्लास असला की पर्यटन, इथे शेजारच्या टेबलावर क्वार्टर असली की चारित्र्य! हा भेद पैशाचा आहे. कामगार जिथे बसतो ती जागा वाईट, हे मला मान्य नाही.

म्हसरूळची लेक
पैशाचा भेद आहे हे खरं. पण वाइनरीत मला वेगळं, स्वच्छ वॉशरूम मिळतं, उजेड असतो आणि मागून कोण येतंय असं कुणी विचारत नाही. तेवढंच इथे हवंय. फॅमिलीचा दरवाजा रस्त्याकडून वेगळा, वॉशरूम वेगळं, आणि दोघी बायका आल्या तर त्याही फॅमिली, एवढं मालकानं मानलं तर मी पहिली येईन.

तवा-तंदूर
ताई, एक खूण सांगतो. 2 ऑक्टोबरला, ड्राय डेला, हॉटेल उघडं आहे का बघा. काउंटरवरच जगणारा त्या दिवशी शटर ओढतो. ज्याला जेवणावर भरवसा आहे तो किचन चालू ठेवतो, आणि त्या दिवशी हॉल घरच्या मंडळींनी भरलेला असतो. बहुतेक करून अशाच मालकांकडे वॉशरूमही धड असतात.

सातपूरकर
ड्राय डेला येईन, मुलांना घेऊन. बाकीच्या दिवशी नाही. आणि गोदाकाठ, कामगार वाईट असं मी म्हटलेलं नाही. मी स्वतः शिफ्टला जातो, माझ्या लाइनवरची माणसं तिथे बसतात. म्हणूनच त्यांच्या समोरच्या टेबलावर माझ्या पोरांना बसवून जेवायला मला जड जातं.