वानवळा म्हणजे नेमकं काय?

सीमेवरची बाई

सातवीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. 'वाक्यात उपयोग करा' मध्ये 'वानवळा' दिला होता. एका पोरानं लिहिलंय: 'आमच्या शाळेत शिक्षकांचा वानवळा आहे.'

त्याला 'वानवा' म्हणायचं होतं हे उघड आहे. आणि तसं धरलं तर वाक्य सोळा आणे खरं. सात वर्ग, आम्ही तिघं, त्यातले एक अतिथी शिक्षक. चूक म्हणून लाल पेन टेकवलं आणि थांबले. अतिथी शिक्षक म्हणजे तरी काय, हंगाम लागला की थोडेसे येतात, हंगाम सरला की संपतात. वानवळाच की!

चेष्टा सोडा. हा शब्द तुमच्याकडं अजून बोलण्यात आहे का, आणि नेमका कशाला म्हणतात? बाजारातून आणलेल्या वस्तूला चालतो का? मला तो कोशातनं नव्हे, शेजारच्या अव्वाकडनं मिळाला. अव्वा कन्नड होती. त्यामुळं पोरांना सांगण्याआधी चार जणांना विचारावं म्हटलं.

कोशवाला

वानवळा, पुल्लिंगी. अनेकवचन वानवळे. 'वानोळा' असाही उच्चार ऐकू येतो. शेतात किंवा परसात पिकलेल्या नव्या मालातला थोडासा भाग शेजारी-पाहुण्यांकडे आपणहून पाठवतात, तो वानवळा. 'वानगीदाखल' मधली वानगी म्हणजे नमुना. त्या शब्दाची आठवण इथे होतेच, कारण 'यंदा माल कसा आलाय ते चाखून बघा' हा भाव वानवळ्यातही आहे. 'वानवा' म्हणजे तुटवडा, म्हणजे जवळजवळ उलटा अर्थ. पोराला शून्य द्या.

निपाणीकर

शून्य कशाला? व्याकरणानं वाक्य बरोबर आहे. 'शिक्षकांची वानवळा' लिहिला असता तर शून्य.

आमच्याकडं वानवळा म्हटला की ओल्या भुईमुगाच्या शेंगा, माती लागलेल्या, वेलासकट. आमचं गाव तंबाखूचं, पण तंबाखू कुणी वानवळा म्हणून दिल्याचं बघितलं नाही. आजोबा चारचौघांना द्यायचे, चुन्याच्या डबीसकट, पण त्याला नुसतं 'घ्या, मळा' म्हणायचे. म्हणजे पिकलेलं सगळंच वानवळा होत नाही. तोंडात घालून गिळायचं असेल तरच होतो बहुतेक.

खानापूरचा शेतकरी

आमी वानोळाच म्हणतो. भात मळून घरात आलं की पयला देवाला, मग शेजारी, मग बाजार. हा क्रम चुकला की आमची म्हातारी जेवायची नाही. बाजाराला नेऊन उरलेलं शेजाऱ्याला दिलं तर तो वानोळा न्हवं, उरलेलं.

सीमेवरची बाई

'उरलेलं' हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. बरं झालं लिहिलंत.

आता अव्वाचं सांगते. जरा लांबेल.

१९९७ साली मला पहिली नेमणूक मिळाली, खानापूर तालुक्यात, जंगलाकडच्या एका गावात. पावसाचं गाव. जूनला इरली बाहेर पडायची ती गणपतीपर्यंत. दोन खोल्यांचं कौलारू घर भाड्यानं घेतलेलं, मध्ये शेराचं कुंपण, पलीकडं अव्वाचं परडं. तिच्या घरात कन्नड, गावात मराठी. मला ती 'अक्कोर' म्हणायची. तिकडं शिकवणाऱ्या बाईला तसं म्हणतात. मी वयानं तिच्या लेकीपेक्षा लहान, तरी प्रत्येक वाक्याला 'री' लावायची. बर्री, कूडरी, ऊटा आतेन्री? या, बसा, जेवण झालं का?

त्या वर्षीच्या सुगीत एका संध्याकाळी कुंपणावरनं बुट्टी आली. (बुट्टी म्हणजे टोपली. पुण्याकडच्यांसाठी सांगते.) वर केळीचं पान, खाली शेरभर नवा तांदूळ. आमच्याकडचा बेळगाव बासमती, पंजाबचा नव्हे. पान बाजूला केलं तर कच्च्या तांदळाचाच असा वास की चूल पेटवायची गरज नव्हती. 'वानोळा तगोरी,' म्हणाली. अर्धं मराठी, अर्धं कन्नड.

मी शहरात वाढलेली. शब्द कधी कानावर पडला नव्हता. 'तगोरी' तेवढं कळलं, घ्या. वाटलं, बाई विकायला आलीय. विचारलं, 'किती झाले?'

अव्वानं बुट्टी माझ्या हातात ठेवली आणि आत गेली. दोन दिवस परड्यात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी मी जास्तीचा शहाणपणा केला. तांदळाएवढीच साखर दुकानातनं मोजून आणली, बुट्टीत घातली आणि नेऊन दिली. तेव्हा बोलली. 'अक्कोर, हे उसनं न्हवं. उसनं मोजतात.'

साखर तिनं ठेवून घेतली नाही. मूठभर काढून घेतली आणि बाकीची परत केली. मग मला कळलं की बुट्टी रिकामी परत द्यायची नसते, आणि तोलूनमापून भरूनही द्यायची नसते. दोन लिंबं, चार अबोलीची फुलं, डब्यातले शेंगदाणे, त्या वेळी घरात असेल ते टाकायचं.

पुढं सात वर्षं ती बुट्टी कुंपणावरनं येत-जात राहिली. पावसात अळंबी, पानात बांधलेली. गुऱ्हाळं लागली की तांब्याभर काकवी; तिला ती काकंबी म्हणायची. एकदा नुसता कढीपत्ता आला, कारण झाडाला नवी पालवी फुटली होती. मी काय देणार? माझ्याकडं ना शेत ना परडं. मी तिच्या नातवाची पाटी घ्यायला लागले संध्याकाळी. अव्वा म्हणायची, हा तुझा वानोळा. तर कोशवाल्यांना विचारते, हा अर्थ बसतो का?

कोशवाला

बसवला तर बसतो. लक्षणेने. पण परीक्षेत लिहू नये.

पुण्यातला बेळगावकर

माझी आई दर महिन्याला रात्रीच्या बसवाल्याच्या हाती कुंदा पाठवते आणि फोनवर सांगते, 'वानवळा पाठवलाय, सकाळी उतरून घे.' कुंदा काही आमच्या परड्यात पिकत नाही. दुकानातनं अर्धा किलो आणलेला असतो. तो वानवळा नाही का मग? आईला सांगायला मी जाणार नाही, आधीच सांगतो.

खानापूरचा शेतकरी

विकतचं न्हवं. कुंदा खाऊ म्हणा. वानोळ्याला माती लागलेली असती.

निपाणीकर

काकवीला कुठली माती लागते? गुऱ्हाळ दुसऱ्याचं असतं, ऊस आपला. पीक आपलं असलं म्हणजे झालं, मध्ये कुणाचा हात लागला तरी चालतं. पण कुंद्यात ना पीक आपलं ना हात.

पुण्यातला बेळगावकर

गाव तर आपलं?

धारवाडची सून

माझं माहेर चिकोडीकडचं मराठी, सासर कन्नड. सासूबाई कुणाकडं काही पाठवताना 'रुची नोडाक' म्हणतात, म्हणजे चव बघायला. शेतातली मिरची असो की घरची शेंगा होळगी, सांगणं तेच. माझी आई शेतातल्याला वानवळा म्हणायची, आणि केलेल्या पदार्थाला 'चव बघायला' म्हणायची. म्हणजे मराठीत दोन खण आहेत, सासरी एकच. मी आता दोन्हीला वानवळा म्हणते. मुलं हसतात.

एक गंमत. आमच्याकडं शेजारच्या घराला 'बाजू मनि' म्हणतात. मनि कन्नड, बाजू तुमचा. आणि तुमचा तरी कुठं, तो फारसीतनं आलेला. शेजाराला शब्दसुद्धा शेजाऱ्याचेच लागतात असं दिसतंय. 'नेरेहोरे' हा अस्सल शब्द आहे, पण तो मी भाषणातच जास्त ऐकते.

सीमेवरची बाई

'बाजू मनि' अव्वाही म्हणायची!

शब्दांवरनं आठवलं. फेब्रुवारी २००१, जनगणना. आम्हा शिक्षकांना घरं वाटून दिलेली. मातृभाषेचा एक रकाना, मग येत असलेल्या दुसऱ्या भाषांचा. बाहेरच्याला हे साधं वाटेल, पण सीमाभागात हा प्रश्न विचारताना पेन जरा अडतंच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथं भाषा उंबऱ्यावर उभी आहे. काही दारांत माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघायची, ही कुणाच्या बाजूची, मग उत्तर द्यायची. एका घरी मला विचारलं, 'तुम्ही काय लिवणार ते आधी सांगा.'

अव्वाच्या जोत्यावर बसले. वय तिला ठाऊक नव्हतं, मोठ्या पुरावरनं हिशेब केला. मातृभाषा? ती सहज म्हणाली, 'कन्नडा बरी.' लिहिलं. मी पुढचा रकाना विचारायच्या आधीच म्हणाली, 'मराठीनू बरी.' एव्हाना तिचा 'री' गळून पडला होता, मी तिच्या घरातली झाले होते.

'बरी' म्हणजे कन्नडात 'लिही'. कन्नड लिही, मराठीही लिही. पण ते मराठी कानानं ऐका. कन्नड बरी, मराठी बी बरी! मला हसू आवरेना. तिला समजावून सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि हसून हसून खोकला लागला. पुढं आठवडाभर विहिरीवर भेटेल त्याला ऐकवत होती.

याआधी १९९९ ला लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक एकत्र झाली, मला मतदान केंद्रावर जावं लागलं. मुलगी दीड वर्षाची, तिचे बाबा नोकरीला बाहेरगावी. दोन दिवस एक रात्र ती अव्वाकडं होती. परतले तर डोळ्यात हे एवढं काजळ, आणि माझ्याकडं यायला तयार नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, शब्दचर्चेचा धागा आहे. अव्वा आता नाही.

कुंद्याचं काय करायचं? मी दोन दिवस विचार केला आणि मला अर्थापेक्षा क्रियापदं उपयोगी पडली. वर्गात तेच सांगितलं. उसनं आपण मागतो. उसनं घेतो, फेडतो, कधी बुडवतो. आहेर करतात आणि वहीत मांडून ठेवतात. वाण लुटतात. बलुतं मागायला लाज नसायची, ते हक्काचं. आता वानवळा घ्या. वानवळा देतात, पाठवतात, तो येतो, पोचतो. 'वानवळा मागितला' म्हणून बघा, जीभ अडते. 'वानवळा फेडला' तर त्याहून वाईट. मी साखर मोजून नेली तेव्हा हेच केलं होतं, न बोलता.

या कसोटीला तुमच्या आईचा कुंदा उतरतो, पुणेकर. तुम्ही मागत नाही, ती हिशेब ठेवत नाही. शेतकऱ्याची माती त्याला नाही, हे खरं. मी परीक्षेत लिहिलेला चुकीचा धरीन आणि फोनवर बोललेला बरोबर.

कोशवाला

'वानवळ्याची परतफेड' असं मी छापील मजकुरात वाचलं आहे.

सीमेवरची बाई

ज्यानं लिहिलं त्याला शेजार नसावा.

निपाणीकर

हाण्ण!

धारवाडची सून

बाई, पोरांना कळलं का हे सगळं?

सीमेवरची बाई

निम्म्यांना. एक पोरगी हात वर करून म्हणाली, 'बाई, शाळेतलं दूध वानवळा काय?' आमच्याकडं २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं. मागितलं नाही, फेडायचं नाही, पाठवतात, येतं. माझ्या कसोटीनं ते वानवळा ठरत होतं! दोन मिनिटं खडू हातात धरून उभी राहिले. मग म्हटलं, नाही, ते तुमच्या हक्काचं, एक दिवस आलं नाही तर तुम्ही विचारू शकता. वानवळा आला नाही म्हणून कुणाला विचारता येतं का? पोरगी म्हणाली, 'आमची आजी विचारती की.' म्हणजे कसोटीला भोक आहेच.

आणि ते मूळ वाक्य. शून्य दिलं नाही, अर्धा गुण दिला, शेजारी 'वानवा?' लिहिलं. पोराचं घर बेळगावच्या पश्चिमेकडं रताळ्याच्या पट्ट्यात. रताळी निघायला लागलीत सध्या. आज सकाळी प्रार्थनेच्या आधी बुट्टी घेऊन आलं, टेबलावर ठेवलं, वर्गातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, 'बाई, वानवा आणलोय.'

'आणलोय' नव्हे 'आणलाय', हे सुद्धा सांगायचं राहिलं. बुट्टी उद्या परत न्यायला येतो म्हणालाय. घरात लिंबं आहेत का बघते.