पोपटाच्या फलकावर कायदा लिहायचा की काळजी?

बांधावरची_बाभूळ

गावोगावी पोपटांबद्दल जनजागृतीचे फलक लावायचे म्हटले की एकच ओळ पुढे येते: "पोपट पाळणे गुन्हा आहे." देशी पोपटापुरती ओळ खरी आहे. कायदा १९७२ चा, देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी १९९०-९१ पासूनची, आणि २०२२ च्या दुरुस्तीत साध्या उल्लंघनाचा दंडही २५ हजारांवरून एक लाखापर्यंत गेला. पण नुसती ही ओळ वाचून घाबरलेला माणूस वनखात्यात जात नाही. तो रात्री पिंजरा मळ्यात नेतो, दार उघडतो आणि मोकळा होतो. पंख कापलेला, वरण-पोळीवर वाढलेला राघू सकाळी केळीच्या बागेत जमिनीवर बसलेला असतो, आणि कावळ्यांना तो आधी दिसतो.

म्हणून माझं मत: पिल्लू घेऊ नका, असलेला नीट ठेवा आणि कुठे सोपवायचा, या तिन्ही गोष्टी एकाच फलकावर हव्यात.

सातपुड्याची_वाट

बाभूळताई, ठाम विरोध. "पेरू द्या, मेथी द्या" असं फलकावर आलं की लोक त्याचा अर्थ "पाळा" असाच घेतात.

पिल्लं येतात कुठून ते बघा. साधारण जानेवारी ते एप्रिल हा विणीचा हंगाम. यावल, चोपडा, तोरणमाळकडच्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत साध्या पोपटाची तीन ते पाच अंडी असतात. ढोलीत हात जात नाही म्हणून कुऱ्हाडीने तोंड मोठं करतात. पिल्लं तर जातातच, पण ती ढोली पुढच्या वर्षी पोपटाच्या कामाची राहत नाही. पाऊस आत जातो, मुंगूस-साप सहज पोचतात. पोपट स्वतः लाकूड कोरून नवं घर करणारा पक्षी नव्हे, तो सुतारपक्ष्याची जुनी ढोली किंवा कुजलेलं भोक थोडं वाढवून घेतो. म्हणजे दोनशे-तीनशे रुपयांच्या पिल्लापायी कायमचं घर मोडतं. खांद्यावर लाल डाग असलेल्या पहाडी पोपटाला तर ढोलीही मोठी लागते, आणि तशी झाडं आता मोजकीच उरली आहेत.

फलकावर फक्त कायदा आणि वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर. बाकी काही नको.

हातमोजे_आणि_टॉर्च

वाटभाऊ, पिल्लांबद्दल बोललात त्यातला शब्दन् शब्द मान्य. पण आज पिंजऱ्यात आहेत त्यांचं काय? साधा पोपट नीट ठेवला तर २५ वर्षंही जगतो. विक्री आज थांबली तरी हे पक्षी पुढची वीस वर्षं आपल्या ओसरीवर आहेत, आणि बहुतेकांचे हाल क्रूरपणाने नाही, अज्ञानाने होतात.

बाजारातला गोल पिंजरा जेमतेम फूटभर रुंद. पोपट चोचीपासून शेपटीपर्यंत ४० सेंमी, पंख पसरले तर त्याहून जास्त. तो त्यात आयुष्यभर पंख उघडत नाही आणि छातीचे स्नायू वाळतात. किमान तीन फूट लांब, दोन फूट रुंद-उंच पिंजरा हवा. नवी जस्ताची जाळी असेल तर व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवून मगच वापरा, कारण पोपट चोचीने जाळी कुरतडतो आणि जस्त पोटात जातं. बसायला गुळगुळीत लोखंडी सळई नको. तिच्यावर तळपायाच्या एकाच जागी भार येतो, कातडी लाल होते, मग घट्टा, मग पू. कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या, सालीसकट फांद्या लावा.

खाणं हा सगळ्यात मोठा घोळ. सूर्यफूल, शेंगदाणे आणि हिरवी मिरची, बस्स. मिरची त्याला तिखट लागत नाही आणि ती वाईटही नाही, पण तो आहार नव्हे. नुसत्या तेलबियांनी यकृतावर चरबी चढते, अ जीवनसत्त्व कमी पडून नाकपुड्या चोंदतात, तोंडात पांढरे चट्टे येतात. बाजरी आणि दादर ज्वारीचे मिळून दोन चमचे, बाकी शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, लाल भोपळा, मोड आलेली मटकी, थोडा पेरू. चहा, शेव-चिवडा, चॉकलेट, कांदा बंद. हा बदल तीन-चार आठवड्यांत हळूहळू करा. अनोळखी खाणं त्याला खाणंच वाटत नाही, एकदम बदललं तर भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो.

आणि बोटाने छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी बरेच दिवस खंगतो आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन बघा: साधारण १०० ते १४० ग्रॅम. दहा टक्के उतरलं की त्याच दिवशी पशुवैद्य.

दादर_हरभरा

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पण एवढा पसारा कशाला? आमच्या हरभऱ्यावर अन् कणसांवर शेकड्यांनी उतरतात, त्यात दोन वाढले तर काय बिघडतं? पिंजऱ्यातून सुटला तो सुखी झाला. फलकावर सरळ लिहा, "सोडून द्या." पुण्यही लागेल.

हातमोजे_आणि_टॉर्च

दादा, तुमची भावना चांगली आहे, पण तो सुटतो आणि मरतो. कापलेलं पीस वाढत नाही. जुना देठ गळून नवं पीस यावं लागतं, त्याला बहुधा पुढची पीसगळ, म्हणजे वर्षभरही लागू शकतं. शिवाय पिल्लापणापासून माणसात वाढलेल्याला घाटा फोडून दाणा काढणं आणि शिक्र्यासारखा शिकारी पक्षी दिसताच दडणं कुणी शिकवलेलं नसतं. तो माणूस दिसला की खांद्यावर उतरतो.

दुसरा धोका तुमच्या शेतावरच्या थव्याला. पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडून चोच-पिसांचा विषाणू जंगली थव्यात जाऊ शकतो. सिटॅकोसिस हा पोपटांचा रोग तर माणसालाही होतो: ताप, कोरडा खोकला, न्यूमोनिया. विष्ठेची पूड श्वासातून जाते, म्हणून पिंजरा कोरडा झाडू नका, ओला करून पुसा.

सोडण्याची रीत आहे: निदान ३० दिवस वेगळा ठेवून तपासणी, लांब पिंजऱ्यात उडण्याचा सराव, रानातलं खाणं, मग थव्याच्या जागी सकाळी मोकळा. हे घरच्या गच्चीवर होत नाही. काही पक्षी तर कधीच सोडण्याजोगे होत नाहीत.

रंगीत_पिसं

एक अन्याय होतोय. बजरी, कॉकटील, लव्हबर्ड हे परदेशी मूळाचे आणि पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. त्यांना देशी पोपटाचा कायदा लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव आणि लव्हबर्डच्या काही जाती यांची मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. फलकावर चित्रासह फरक दाखवा, नाहीतर बजरीवालाही घाबरून खिडकी उघडेल आणि बाहेर ते पाखरू टिकणार नाही. कॉकटील १५-२० वर्षं जगतो हेही लिहा. पोरांची हौस दोन वर्षांत फिटते.

सातपुड्याची_वाट

रंगीतभाऊंचा मुद्दा घेतो. दादरभाऊंसाठीही एक: वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे देशी पोपट ही सरकारी मालमत्ता, तो सापडला तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. सोडून दिलेला पोपट घरी नेऊन ठेवणाराही यात येतो. आणि प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या क्रूरताविरोधी कायद्यातही गुन्हा आहे, दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. त्याचा धाक कुणाला वाटणार?

तरी माझं म्हणणं तेच. काळजीचा मजकूर पशुवैद्यकीय दवाखान्यात पत्रकावर द्या, चौकात नको. चौकात "पिल्लू घेऊ नका, असलेला सोडू नका, १९२६ ला फोन करा" एवढंच.

बांधावरची_बाभूळ

"सोडू नका" चौकात येत असेल तर अर्धं भांडण मिटलं. उरलेलं अर्धं उन्हाळ्याचं, तिथे मी मागे हटणार नाही. भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याखालच्या पिंजऱ्यातला पक्षी पत्रक वाचायची वाट बघत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, म्हणजे ऊन लागलं. सावलीच्या गार खोलीत न्या, पायांवर आणि पंखांखाली साधं पाणी शिंपडा. बर्फाचं पाणी नको, आणि चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. या चार ओळी चौकातच हव्यात.

आणि १९२६ वर सांगून पोचवायचा असेल तर कसा, तेही: बुटाचं खोकं, बाजूंना पेन्सिलीएवढी दहा-बारा भोकं, तळाला जुनं सुती फडकं, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची फोड, झाकणाला दोरी. सकाळी नऊच्या आत निघा. खोक्यावर तो काय खात होता, पंख कधी कापले आणि किती वर्षं घरात होता, हे लिहून चिकटवा.