कॅप्टन गोपीनाथांवर दहा मिनिटं बोलायचंय, भर कशावर द्यावा?

प्रश्न (नाशिकरोड): डिसेंबर २०१७ मध्ये ओझरहून एअर डेक्कनचं छोटं विमान सुरू झालं होतं. ही स्वस्त तिकिटांची विमान कंपनी काढणारे कॅप्टन गोपीनाथ. देवळालीत माजी सैनिकांपुढे बोलायचंय. काय घेऊ, काय गाळू?

उत्तर १: सर, शेती गाळू नका. १९७१ चं युद्ध पाहिलेला माणूस आठेक वर्षांत लष्कर सोडतो. कर्नाटकातल्या गोरूरची वडिलोपार्जित जमीन हेमावती धरणात गेलेली. बदल्यात मिळालेल्या ओसाड रानात नारळ आणि रेशीम. रेशमाचा खर्च त्यांनी सेंद्रिय पद्धतीने उतरवला, १९९६ चा रोलेक्स पुरस्कार त्याचाच. हेलिकॉप्टर सेवा १९९७ ला, एअर डेक्कन २००३ ला.

उत्तर २: तिकिटाचं गणित सांगा, लोक कान टवकारतात. ४८ आसनी एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान), फुकट जेवण नाही. जेवण नाही म्हणजे साफसफाई कमी, विमान लवकर परत उडतं, दिवसात फेरी वाढते. एक रुपयाची तिकिटं मोजकीच असायची, तो गाजावाजा. तोटा मात्र खरा होता. २००७ ला हिस्सा मल्ल्यांच्या यूबी समूहाकडे गेला, पुढे नावही पुसलं.

उत्तर ३: त्याच नावाने २०१७ ला पुन्हा सुरू झालेला ओझरचा प्रयोग वेगळा सांगा दादा. बीचक्राफ्ट १९०० डी, जेमतेम १८-१९ जागा. 'उडान' या छोट्या शहरांच्या स्वस्त विमानसेवेच्या सरकारी योजनेत साधारण निम्म्या जागांना भाड्याची मर्यादा. अडचण मुंबईच्या स्लॉटची, म्हणजे उतरण्या-उडण्यासाठी ठरवून मिळणाऱ्या वेळेची. विमान लहान असलं तरी धावपट्टी अडवतंच, मग १९ माणसांसाठी वेळ कोण देणार? एप्रिल २०२० मध्ये सेवा थांबली.

उत्तर १: आणि 'माजी खासदार' म्हणू नका हं. २००९ ला बंगळुरू दक्षिणमधून अपक्ष लढले, पडले.