दोष एकट्या आयटीआयचा नाही

बरेच जण म्हणतात की आयटीआयची पोरं कामाची नसतात. अर्धंच पटलं.

साकीनाक्याला आमचा लहानसा गाळा आहे, आठ माणसं. गेल्या वर्षी एक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, मुलगा आला. साध्या लेथवर हात बसलेला, मायक्रोमीटर शंभरावा भाग मिलिमीटरपर्यंत न चुकता वाचायचा. सीएनसीसमोर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर, मात्र गडबडला. जॉबचा व्यास ०.०४ मिमी जास्त येत होता. ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचा दुरुस्तीचा आकडा, वजा करायच्या ऐवजी त्याने मिळवला. पाच तुकडे भंगारात. ओरडलो, आणि मग लक्षात आलं, त्याच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी एकच आणि तेही बंद! तीन आठवडे शेजारी उभं करून शिकवलं. आज सेटिंग तोच करतो.

आता दुसरी बाजू. शिकवायचा खर्च कुणालाच नको असतो. १९६१च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्यांना शिकाऊ ठेवणं बंधनकारक आहे, पण बऱ्याच ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर. वर्षभर झाडू आणि चहा.

उलटंही होतंच, कसब असतं पण त्याचं काम मिळत नाही. आमच्या चाळीतला मेकॅनिकल इंजिनिअर दिवसभर एक्सेलमध्ये कोटेशनं चिकटवतो. आणि १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातले मुरलेले साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, वॉचमनच्या खुर्चीत बसले. त्यांच्या हातात कसब नव्हतं असं कोण म्हणेल? कसब होतं, मागच गेले.