मदत हवी आहे : आईबाबांसाठी आरोग्य विमा

नमस्कार मंडळी, आम्ही गुहागरजवळचे. बाबा ६६ वर्षांचे, साखर आणि बीपी दोन्ही, आई ६१. गेल्या महिन्यात एक माणूस घरी येऊन 'फॅमिली हेल्थ कार्ड' देऊन गेला. बाबांनी आंब्याच्या पैशांतले ४,५०० रुपये दिले. त्यांना वाटलं, विमाच काढला. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं: विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही, विम्याची रक्कम नाही. मागे बारीक अक्षरांत 'निवडक केंद्रांत तपासणीवर सवलत', एवढंच. बिल शेवटी आपणच भरायचं! बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. फार वाईट वाटलं.

आता खरी पॉलिसी घ्यायची आहे. २०२४ पासून ६५ वर्षांवरच्यांनाही पॉलिसी मिळू शकते आणि जुन्या आजारांसाठी थांबायचा काळ (तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३ वर्षं, एवढं वाचलंय. बाबांची साखर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिणार. लपवली तर क्लेम अडकतो.

ज्यांनी क्लेम केलाय त्यांनी कृपया सांगा: आईबाबांची पॉलिसी एकत्र घ्यावी की वेगवेगळी? को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचा वाटा, २० टक्के असेल तर घ्यावी का? रूम भाड्याच्या मर्यादेमुळे बाकीच्या बिलालाही कात्री लागते, हे कुणी अनुभवलंय का? आमच्याकडून मोठं दुखणं चिपळूण, डेरवण नाहीतर थेट मुंबईला न्यावं लागतं, तेव्हा तिकडे कॅशलेस (बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते ती सोय) चालणं महत्त्वाचं. आणि त्या कार्डाचे पैसे परत मिळवायला तक्रार कुठे करू? पावती जपून ठेवली आहे.