कनिंगहॅमच्या नर्तकांच्या आठवणी: संगीत न ऐकता रचना वेळेत कशी संपायची?

रंगपट: अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यकंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणी वाचतेय. एक गोष्ट सारखी येते: नाच आणि संगीत वेगवेगळं तयार व्हायचं, आधी ठरलेली असायची ती फक्त एकूण वेळ, आणि नर्तकांच्या कानावर संगीत बऱ्याचदा पहिल्या प्रयोगातच पडायचं. मग सगळे वेळेत कसे राहायचे? मला सहा जणांची सात मिनिटांची रचना शांततेत बसवायची आहे. शेवट कधी ६:२० ला येतो, कधी ७:४० ला. हालचालींचा क्रम कनिंगहॅमसारखाच नाणी उडवून काढलाय.

मात्रामोजी: त्या आठवणी वाचून काउंट नव्हतेच असं वाटतं, पण तसं नाही. काउंट, म्हणजे मनात मोजायच्या मात्रा, संगीताचे नव्हते, फ्रेजचे, म्हणजे हालचालींच्या एकेका सलग तुकड्याचे होते. प्रत्येक फ्रेजची लय हालचालीतूनच ठरायची, तालमीत टाळ्या-चुटक्यांनी पक्की व्हायची, आणि स्टॉपवॉच कायम हाताशी असायचं. म्हणून एक सहकारी ‘आम्ही मोजायचो’ म्हणतो आणि दुसरा ‘संगीताशी आमचा संबंध नव्हता’ म्हणतो, तेव्हा दोघंही खरंच सांगत असतात.

तुमच्या रचनेत वेळेच्या चार खुणा ठरवा: समजा १:४५, ३:३०, ५:१५ आणि शेवट. स्टॉपवॉच धरणाऱ्याने मध्ये काहीही ओरडायचं नाही, फक्त कागदावर वेळा टिपायच्या. ‘४० सेकंद लवकर संपलं’ हे सांगून काही हाती लागत नाही. कुठल्या तुकड्यात सेकंद गळले ते कळायला हवं. बहुतेकदा ते स्थिर उभं राहण्यात गळतात. उडीला घाई करता येत नाही, जितकी उंच तितका वेळ ती घेतेच. पण आठ सेकंदांची स्तब्धता प्रेक्षकांसमोर पाचवर येते आणि नर्तकाला पत्ताही लागत नाही. स्तब्धतेलाही काउंट द्या, आणि ते आधीच्या फ्रेजच्याच लयीत मोजायला लावा. नुसतं ‘थोडं थांब’ म्हटलं की रोज वेगळं थांबणं होतं.

७:४० येतं तेव्हा मात्र जोड तपासा. एक फ्रेज संपल्यावर दुसरीच्या आधी पाय जुळवायला प्रत्येक जण अर्धा-एक सेकंद घेतो. वीस जोड असले तर तिथेच पंधरा सेकंद गेले.

डावीविंग: वरचं सगळं पटलं, पण एकट्या काउंटवर सहा जण टिकत नाहीत. एकमेकांवरून खूण, म्हणजे पुढचं कधी सुरू करायचं त्याचा इशारा, घ्यावी लागते. सगळ्यांनी एकाच नर्तकाकडे पाहिलं तर त्याची एक चूक सहाही जणांना घेऊन जाते. प्रत्येकाला वेगळी खूण द्या आणि ती चुकली तर धरायला एक राखीव.

खूण नजरेच्या कडेला दिसणारी हवी. कनिंगहॅम रंगमंचाचा मध्य किंवा समोरची बाजू खास मानत नसत. नर्तकाचं तोंड कुठेही असू शकतं, त्यामुळे खूण देणारा पाठीमागे जातो. पावलाच्या आवाजावर किंवा श्वासावर बेतलेली खूण शांत तालमीत छान चालते आणि प्रयोगात दगा देते. त्यांच्या ‘विंटरब्रांच’ (१९६४) या नृत्यात संगीतकार ला माँट यंगचा कानठळ्या बसवणारा आवाज होता, वर चित्रकार रॉशेनबर्गची बराचसा काळोख ठेवणारी प्रकाशयोजना. तिथे पावलं कुठून ऐकू येणार?

नाणेफेक: क्रमाबद्दल. आठ पर्यायांसाठी एक नाणं तीनदा उडवायचं, सगळ्यांना सारखी संधी मिळते. सहा असतील तर सरळ फासा घ्या. कनिंगहॅमच्या ‘स्वीट बाय चान्स’ (१९५३) या नृत्यासाठी हालचाल, कालावधी, दिशा अशा गोष्टींचे तक्ते केले होते आणि प्रत्येक गोष्टीचा कौल नाण्यांनी घेतला होता. तुम्ही फक्त क्रम काढला असेल तर कालावधी नर्तकांच्या मर्जीवर राहिलाय, आणि तुमचा घोळ बहुधा तिथेच आहे.

जमिनीवर आडवं पडल्यावर लगेच उडी, असा कौल आला तर तो बदलू नका. उठायचं कसं ते शोधा, त्या उठण्याला स्वतःचे काउंट द्या आणि ते एकूण वेळेत धरा. ते जोड हीच या पद्धतीची खरी कमाई आहे.

रंगपट: कालावधी काढलेच नव्हते, बरोबर ओळखलंत. तालमीत मधूनमधून संगीत लावावं का?

मात्रामोजी: आधी शांततेत सलग तीन वेळा पाच-सात सेकंदांच्या फरकात येऊ द्या. मग दर वेळी वेगळी ध्वनिफीत लावा, एक संथ, एक जलद, एक ठेका नसलेली, आणि त्याच चार खुणांच्या वेळा टिपा. जलद ठेक्यावर १:४५ ची खूण १:३५ ला आली, तर कुणीतरी संगीत धरतंय. ताल अंगात भिनलेलं शरीर सम शोधणारच. त्यात नर्तकाचा दोष नाही. त्याला त्याच्या फ्रेजचे काउंट मोठ्याने म्हणत एकदा पूर्ण करायला लावा, नंतर मनात. एकच ध्वनिफीत रोज लावू नका, चार दिवसांत रचना तिला चिकटते.